चुकीच्या ओळीवरचं बोट

माझ्या तोंडाची ख्याती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सेनगाव तालुक्यातल्या एका दोन शिक्षकांच्या शाळेत मी अकरा वर्षं होते. त्या गावात आजही एखादं पोरगं फार आरडाओरडा करायला लागलं, की त्याची आई म्हणते, "काहून बाईवानी कोकलून राहिला रे?" ती बाई म्हणजे मी. हिंगोलीत देवळाच्या मागच्या बोळात आमचं घर. वडील देवळात पूजा करायचे, त्यांचा आवाज आरतीलासुद्धा शेजारच्याला ऐकू जायचा नाही. मी कुणावर गेले देव जाणे. आई म्हणायची, तू पोटात असताना मला मिरचीच्या ठेच्याचे डोहाळे लागले होते, त्याचं हे फळ.

पोरांना मी कधी हात लावला नाही. छडी नावाची वस्तू माझ्या वर्गात नव्हती, गरजच नव्हती. "अरे गाढवा, हातचा कुठं गेला? बैलानं खाल्ला का?" एवढं मी म्हटलं, की शाळेपुढच्या हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायका हसायच्या आणि पोरगं पाटी पुसून पुन्हा गणित मांडायचं. पोरं घाबरायची, आपसांत माझ्या नकला करायची आणि शिकायचीही. माझ्या हाताखालून चौथी झालेलं एकही लेकरू वाचता येत नसताना पुढं गेलं नाही, असं मी छाती ठोकून सांगायची. बैठकांमध्ये सांगायची, नातेवाइकांत सांगायची.

ते खोटं होतं. एक मुलगी गेली. आणि माझ्या हातूनच गेली.

जूनचा तिसरा आठवडा होता. पहिलीची नावं लिहून घेत मी दाराशी टेबल टाकून बसले होते. एक बाई कडेवर पोरीला घेऊन आली. गावाबाहेर माळावर मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्यांची पाच-सहा घरांची वस्ती आहे, तिथली. पोर सहा वर्षांची, आणि कडेवर! झालं, माझं तोंड सुटलं. "एवढी घोडी कडेवर घेऊन आलीस? पाय दिलेत ना देवानं तिला? उतरव खाली."

तिनं मुकाट्यानं उतरवली. पोर टेबलाकडं चार पावलं चालली आणि मधेच उकिडवी बसली. गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून. मी वाकून बघितलं तर ओठ जांभळे, नखं जांभळी. आमच्याकडं त्या दिवसांत जांभळाला बहर असतो. मी म्हटलं, "जांभळं खाऊन तसंच यायचं का शाळेत? तोंड धुवून यायचं, कळलं का?"

"जांभळं न्हाई खाल्ली बाई," आई म्हणाली. "तिचं तसंच हाय."

मग तिनं सांगितलं ते असं. लेकराच्या काळजाला जन्मापासून छिद्र आहे. चालली की दम लागतो, बसली की थोडं बरं वाटतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण अंगात थोडी ताकद येऊ द्या, वजन वाढू द्या. तोवर जपा. रडली की काळीनिळी पडते, श्वास कोंडतो. तसं झालं तर गुडघे छातीशी दाबून धरायचे, हेही तिनं मला तिथंच करून दाखवलं. सगळं सांगून झालं तरी ती हलेना.

"काय गं?" मी विचारलं.

"बाई, तुमी लई चांगलं शिकवता म्हणतेत. पण तुमचा आवाज लई मोठा हाय. मह्या लेकराला रागवू नका. मारा म्हणून बी न्हाई म्हणत, रागवू बी नका. तिच्या डोक्यावर हात ठिवून म्हणा."

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली, की ती त्या लेकराला लागते. हे आमच्याकडं कुणी शिकवावं लागत नाही. मी शिकलेली बाई, पोरांना विज्ञान शिकवणारी. पण त्या केसांत बोटं गेली आणि विज्ञान बाजूला राहिलं. मी म्हणाले, "हिला रागावणार नाही." आईनं डोळ्यांना पदर लावला आणि गेली.

त्या दिवसापासून माझ्या खुर्चीच्या उजव्या बाजूला एक बस्कर पडलं ते चार वर्षं तिथंच राहिलं. बाकीची पोरं ओळीनं बसायची, ही माझ्याजवळ. खडूची डबी तिच्या मांडीवर. मी हात मागं केला, की न बघता खडू हातात यायचा. खेळाच्या तासाला ती व्हरांड्यात बसायची आणि कोण आउट झालं ते ओरडून सांगायची. खिचडी वाढायला सुरुवात झाली, की तिचं ताट मी स्वतः नेऊन द्यायची. माझा तिच्यावर जीव होता, हे मी कशाला लपवू? इतक्या पोरांत एवढ्या एकीशी मी हळू बोलायची, आणि मला वाटायचं, बघा, मलाही माया करता येते.

ती मोठी खट्याळ होती. मी कार्यालयात काही आणायला गेले, की हळूच माझ्या खुर्चीवर चढायची आणि बारीक आवाजात सुरू करायची, "काय रे गाढवा, डोकं हाय का खोकं? हातचा कुठं गेला?" पोरं हसून लोळायची. एकदा मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. माझी सगळी बोलणी तिला शब्दन्‌शब्द पाठ होती. त्यातलं एकही तिच्या वाट्याला आलेलं नव्हतं, तरीही.

पाठांतराचं म्हणाल तर अशी पोरगी मी दुसरी बघितली नाही. दुसरीत आमची वाचनाची पद्धत अशी, की एकानं उभं राहून एक ओळ वाचायची आणि बाकीच्यांनी ती त्याच्यामागं म्हणायची. दोनदा तसं झालं, की पुस्तकातला सगळा धडा हिच्या तोंडात. मग पुस्तक मांडीवर उघडून, एक-एक ओळीवर बोट फिरवत ती धडा म्हणायची, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला आवाज चढवून. मी सगळ्यांना सांगायची, "बघा, हिला बघा. रोज शाळेत येत नाही तरी कशी वाचते!"

एक मुंगीचा धडा होता. मुंगीला गुळाचा खडा सापडतो, तो तिला एकटीला उचलत नाही, मग ती बहिणींना हाका मारते. ती तो धडा म्हणत होती आणि मी सहज खाली बघितलं. तोंडात होतं, "बहिणींनो, लवकर या गं." आणि बोट होतं पानाच्या पार तळाशी, जिथं स्वाध्याय सुरू होतो तिथं. धडा संपला, तिनं पान उलटलं. बोट मधल्याच कुठल्यातरी ओळीवर ठेवलं.

मला राग आला. का खोटं बोलू, भयंकर राग आला. आणि तिचा नाही, स्वतःचा आला असेल, पण निघायचा तो तोंडातूनच. मी पुस्तक ओढून घेतलं, एका अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे काय आहे? सांग. अगं सांग की! मला बनवतेस होय?"

आवाज चढला होता. तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ थरथरले, एक हुंदका आला, आणि मग श्वासच येईना. ओठांचा रंग बघता बघता काळा पडला. पोरं ओरडायला लागली. मी तिला उताणी केली, गुडघे छातीशी दाबले आणि तोंडानं काय म्हणत होते मला आठवत नाही. देवाचं नाव घेत होते का तिचं, काही कळत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तिच्या छातीतून एक लांब, कण्हल्यासारखा श्वास आला. ती माझ्या पदराला धरून पडून राहिली.

तिच्या आईला मी सांगितलं नाही. हेडसर पंचायत समितीत गेले होते, त्यांनाही नाही. रविवारी हिंगोलीला गेले तेव्हा वडिलांच्या देवळात नाक घासलं. शपथ मोडली होती मी. देवा, ती माझ्यावर घे, त्या लेकरावर नको, एवढंच मागितलं. वडिलांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पायाला तकलीफ आहे.

त्यानंतर मी तिला एकही अक्षर विचारलं नाही. बोट कुठंही फिरो. ती पाठ म्हणायची, मी मान डोलवायची.

आता कुणी म्हणेल, अहो बाई, हळू आवाजात शिकवता येत नव्हतं का? दुपारच्या सुट्टीत जवळ घेऊन, रोज एक-एक अक्षर? शिकवता येतं. दुसऱ्या कुणाला आलं असतं. माझं शिकवणं आणि माझं रागावणं एकाच नळातून यायचं. मी एक बंद करायला गेले आणि दुसरंही बंद झालं. आणि खरं सांगायचं तर त्याहून एक गोष्ट खाली दडलेली होती. ही पोर जास्त दिवसांची नाही, असं गावात सगळेच धरून होते. मी तोंडानं कधी म्हणाले नाही. पण रात्रंदिवस तेच मनात असेल तर माणूस कशाला कुणाला जोडाक्षरं शिकवत बसेल? हसतेय, खेळतेय, चार दिवस सुखात जाऊ देत, असं मला वाटायचं. ते मला शहाणपण वाटायचं.

तिसरीत वाचनाची तपासणी आली. वरचे साहेब येणार, प्रत्येक मुलाला पुस्तक देणार आणि कोण किती वाचतं ते तक्त्यात भरणार. तक्त्यात चार रकाने असायचे. अक्षर वाचतो, शब्द वाचतो, वाक्य वाचतो, गोष्ट वाचतो. तिला वाचता येत नाही, हे हेडसरांनाही ठाऊक होतं. आदल्या दिवशी मी विषय काढला तर ते म्हणाले, "राहू द्या हो बाई. दुखणाईत लेकरू. तिला कशाला साहेबापुढं रडवता?" आमची शाळा त्या वर्षी सगळ्यांत पुढं होती, हे ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

साहेब आले. भला माणूस होता. एक-एक पोर येऊन वाचून गेलं. हिची पाळी आली तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच द्या उघडून एखादं पान." मागच्या वर्षीची पुस्तकंही टेबलावर होती. माझ्या हातानं दुसरीचं पुस्तक उचललं, मुंगीचं पान काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

तिनं पान बघितलं. चित्रावरून ओळखलं. मग माझ्याकडं बघितलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यात भीती नव्हती, आम्ही दोघी आता एका खोडीत सामील आहोत एवढंच तिला कळलं होतं. तिनं बोट ठेवलं आणि सुरू केलं, "मुंगीला गुळाचा खडा सापडला."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनाही वाजवायला लावल्या. म्हणाले, "बघा, तब्येत बरी नसताना हे लेकरू असं वाचतं, तर धडधाकट पोरांना काय झालं? बाईंची मेहनत आहे ही." मी तक्त्यात चौथ्या रकान्यात खूण केली. गोष्ट वाचते. वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात तेच लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, वळणदार.

चौथीत दिवाळीनंतर दवाखान्याची आरोग्य तपासणीची गाडी शाळेत आली. डॉक्टरांनी तिला बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, आता वजन बरं आहे, मुंबईला ऑपरेशन होईल, सरकारकडून होईल. वस्तीवर रडारड झाली. कुणी म्हणालं, छाती फाडतेत, नेऊ नका. मी तिथं जाऊन माझं तोंड चालवलं आणि त्या एका दिवशी माझ्या तोंडाचा उपयोग झाला. आई-बाप तयार झाले.

जायच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली. खडूची डबी मला परत देत म्हणाली, "बाई, तिथं वाचाया लावतेत का?"

"नाही गं सोन्या. तिथं नुसतं झोपायचं. औषध घ्यायचं."

"मंग बरं हाय," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. ऑपरेशनची भीती नव्हती त्या पोरीला.

मी दोन महिने देव पाण्यात घालून बसले. मार्च संपत आला होता, सकाळची शाळा सुरू झाली होती, तेव्हा ती आली. चालत आली, आईच्या पुढं. गळ्याजवळ फ्रॉकच्या वर छातीवरच्या व्रणाचं टोक दिसत होतं. माझ्यापुढं येऊन तिनं दोन्ही हात पालथे धरले. "बघा बाई." नखं गुलाबी होती. लेकरांच्या नखांना असा रंग असतो हे मी त्याआधी कधी नीट बघितलंच नव्हतं. मी तिचे हात धरून सगळ्या वर्गासमोर रडले. पोरं चाट पडली.

दोन आठवड्यांनी तिनं झेंड्याच्या खांबापासून हातपंपापर्यंत धूम ठोकली. पळाली! आणि वळून परत पळत येत होती, तर पंपापाशी चिखल. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "ए भवाने, पडशील ना! डोळे फुटले का?"

ती जागच्या जागी थांबली. तोंड भरून हसली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली, आता आणखी काय काय येतं त्याची वाट बघत. मला ती शपथ आठवली. मी धावत गेले, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "हळू हं बाळा, हळू." तिचं हसू मावळलं. मला वाटलं, मी ओरडले म्हणून घाबरली. इतकी वर्षं लेकरांत काढून मला एवढंही कळलं नाही.

शाळेचे तीन आठवडे राहिले होते. मी ठरवलं, आता काही भीती नाही, आता मे महिन्यात रोज वस्तीवर जाऊन हिला बसवायचं. मुळाक्षरांपासून. मी तिच्या आईला सांगूनही आले. आणि मेमध्ये बदलीचा कागद आला. वसमत तालुका, कुरुंद्याकडची शाळा. सामान बांधायचं, घर बघायचं, पोरांचे दाखले. चौथीची प्रगतिपुस्तकं मी घाईत भरली. तिचं हातात घेतलं आणि थांबले. खरं लिहायचं तर मागच्या वर्षीचं खोटं उघडं पडणार होतं. मी लिहिलं, वाचन उत्तम.

पुढं एकदा हेडसरांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, "तुमची ती पोरगी हो बाई, पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत घातली होती, सोडून दिली. आता शेळ्या घेऊन डोंगर चढून राहिली. ठणठणीत आहे." मी म्हटलं, "बरं झालं, तब्येत महत्त्वाची." फोन ठेवला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कुरुंद्याहून सेनगाव म्हणजे काही लंका नाही. मी जाऊ शकत होते. दर सुट्टीत म्हणायची, जाऊ. मधे दोन वर्षं शाळाच बंद पडल्या, ते एक आयतं निमित्त मिळालं. सहा वर्षं मी गेले नाही.

मागच्या हिवाळ्यात एका साखरपुड्यासाठी सेनगावला गेले. दुपारची वेळ. पुतण्या मला न्यायला येणार होता म्हणून मी स्टँडवरच बाकावर टेकले. शेजारी एक पंधरा-सोळा वर्षांची पोरगी येऊन बसली. उन्हानं रापलेली, अंगानं मजबूत. मांडीवर दवाखान्याची फाइल असलेली पिशवी. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मावशी, हिंगोलीची गाडी लागली का सांगा बरं. मला पाटी वाचता येत न्हाई."

मी वळून बघितलं. ड्रेसच्या गळ्यापाशी व्रणाचं टोक होतं.

मी तिचं नाव घेतलं. माझा आवाज ऐकला आणि ती ताडकन उभी राहिली. "अगं बया! बाई!" वाकून पाया पडली. मग हसायलाच लागली. "आई पाणी आणाया गेली. वर्षाची तपासणी हाय ना, हिंगोलीला. तुमी किती पिकल्या हो!"

मी तिला जवळ बसवलं. तब्येत विचारली. एकदम बराबर आहे म्हणाली. दिवसभर शेळ्यांमागं असते, दम म्हणून लागत नाही. "आन शेळ्यायला कशी बोलते म्हाईत हाय का? तुमच्यावानी. डोकं हाय का खोकं? आमच्या शेळ्या लई भेतेत मला."

मी हसले. हसता हसता विचारलं, "शाळा का सोडलीस गं?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागली. राग नव्हता तिच्या बोलण्यात, कुणाबद्दलच नव्हता. म्हणाली, "तिथल्या गुरुजींनी पुस्तक देलं वाचाया. मी म्हणले, आधी दुसऱ्या कुणाला वाचू द्या. ते म्हणले, न्हाई, तूच वाच. मला येईना. मंग त्यांनी परगतीपुस्तक काढलं. म्हणले, इथं तुझ्या बाईनं लिवलंय, गोष्ट वाचती, वाचन उत्तम. मंग तुझी बाई लबाड का तू लबाड?"

"मग?"

"मी म्हणले, मी."

स्टँडवर गाड्यांचा आवाज चालू होता.

"मंग ते रोज भाईर उभं करायचे. म्हणायचे, दुखणं गेलं आता, आता कशाचे नखरे? बारा दिवस गेले मी. मंग न्हाई गेले."

"अगं, मला निरोप धाडायचा होतास. मी आले असते. मी लिहिलं होतं ना ते खोटं, मी त्यांना सांगितलं असतं." हे बोलताना माझं मलाच खोटं वाटत होतं. "मी आता शिकवते तुला. अजून काही उशीर नाही झाला. सुट्टीत येते वस्तीवर."

"या की," ती म्हणाली. "च्या पिऊन जा." मेमध्ये येते म्हणून सांगून न आलेली बाई मीच, ते तिला आठवत असणारच.

मग ती समोर बघत म्हणाली, "बाई, तुमी साऱ्यायला रागवायच्या. मला कवाच न्हाई. मला लई वाटायचं, एकदा तरी रागवावं. मुंगीच्या धड्याला तेवढं रागावल्या, तर मलाच तसं झालं. दुसरीतच मी आईला इचारलं व्हतं, बाई मला काहून रागवत न्हाईत? आई काही बोलली न्हाई, रडाया लागली. तवाच मला समजलं."

"काय समजलं?"

"मी मरणार हाय म्हणून." तिनं ते शेळीच्या आजाराबद्दल सांगावं तितक्या सरळ सांगितलं. "मंग मी बी ध्यान देलं न्हाई. मरायचंच हाय तर अक्षरं कशाला? बोट कुठंबी ठिवायची. तुमी पाहायच्या, पण बोलायच्या न्हाई. मंग मला पक्कंच वाटायचं." तिनं दोन्ही हात पालथे धरले, त्या दिवशी धरले होते तसे. हातांना भेगा पडल्या होत्या. नखं गुलाबी होती. ती हसली आणि म्हणाली, "पण मेले न्हाई ना बाई मी."

तिची आई पाण्याची बाटली घेऊन येताना दिसली. तेवढ्यात एक गाडी येऊन उभी राहिली आणि लोक दाराकडं धावले. ती पिशवी छातीशी धरून उठली, गाडीच्या पाटीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"हीच का बाई?"

मी पाटी वाचली. हिंगोली लिहिलेलं होतं, ठळक अक्षरांत. मी तोंड उघडलं, पण माझा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक.

"काय म्हणल्या? ऐकू न्हाई आलं."

"हीच," मी म्हणाले. "जा, बस. हीच आहे."